रुमालाखाली घेतलेला कॉम्प्युटर

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे गोकुळचं कॉम्प्युटरचं दुकान. रिनाने काउंटरवर वही उघडली तेव्हा शनिवारचे साडेअकरा वाजले होते, आणि गोकुळने पहिल्याच वाक्यात मुदत घालून टाकली.

"ताई, काय ते दोन वाजापर्यंत नक्की करा. मन्हा सालानं लगीन शे, पाचनी गाडीवर माले धुळ्याले जानं शे. दोनले सगळं ठरनं तं चारपर्यंत जोडी देस. नही तं मंग डायरेक्ट मंगळवार."

मंगळवार चालणार नव्हता. मंगळवारी दुपारी दोंडाईच्याहून रिनाचे सासरे रूपसिंग आणि सासरची माणसं तिच्या माहेरी सारंगखेड्याला बैठकीला येणार होती, बरोबर चार जाणती डोकी घेऊन. ती काय बोलणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: झालं गेलं गंगेला मिळालं, आता सून आणि नात घरी पाठवा.

नवऱ्याने, भरतने, तिला दोनदा मारलं होतं. तिसऱ्या खेपेची वाट न पाहता ती सहा वर्षांच्या भूमिकाला घेऊन एसटीत बसली आणि बापाच्या दारात येऊन उतरली. त्याला आता दहा महिने झाले. बापाने दार उघडलं होतं, पण तोंड काही उघडलं नव्हतं. राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. बैठकीचा निरोप आला तेव्हाही एवढंच म्हणाला, "येऊ दे."

आणि बैठक म्हणजे काय असते हे रिनाला माहीत होतं. तिथे बाईच्या पाठीवरचे वळ कोणी पाहत नाही. तिथे एकच प्रश्न विचारतात, पोरीला घेऊन राहशील कशावर? या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे जवळजवळ आलं होतं. पुण्याच्या एका कंपनीचं, विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचं काम ती सहा महिने घरी बसून करत होती, मावसभावाच्या लॅपटॉपवर. आता कंपनी तिला कायम करायला तयार होती. अट एकच, मशीन स्वतःचं हवं आणि त्यांनी पाठवलेल्या यादीत बसणारं हवं. सोमवारी सकाळी दहाला कंपनीचा माणूस पुण्यातून तिच्या मशीनवर तपासणी चालवणार होता. पास झाली तर संध्याकाळी नेमणुकीचं पत्र, नापास झाली तर पुढची भरती एप्रिलात. ते पत्र तिला मंगळवारी सतरंजीवर ठेवायचं होतं. ते नसलं, तर बुधवारी ती आणि भूमिका दोंडाईच्याच्या गाडीत असणार होत्या.

"माझं बजेट तीस हजार आहे," ती म्हणाली. शिकलेल्या माणसाशी ती आधी पुस्तकी मराठीत सुरुवात करायची. ते फार टिकायचं नाही. "चौतीसनी यादी व्हयेल शे. चार कोठे कापाना ते सांग."

पैसे तिच्याजवळ नव्हते. स्टँडवर पाकीटमार फार, म्हणून ते आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात होते. आबा, म्हणजे तिचे वडील दिलवरसिंग गिरासे, दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसले होते. डोक्याला फेटा, खांद्यावर मोठा तांबडा रुमाल. सारंगखेड्याच्या यात्रेत चाळीस वर्षं घोड्यांची दलाली केलेला माणूस. लेक एकटी एवढे पैसे घेऊन निघाली म्हटल्यावर ते सकाळी न बोलता चपला घालून अंगणात उभे राहिले होते. तेवढ्यावरून काय समजायचं ते रिनाने समजून घेतलं.

गोकुळने यादीवर पेन्सिल फिरवली. "आय-फाइव्ह काढी टाका. आय-थ्री, बारावी पिढी. तुम्ही काय गेम खेळनार शेत का?"

"एका वखतले पंधरा फॉर्म उघडा ऱ्हातस."

"त्याले रॅम लागस, ताई, प्रोसेसर नही."

रॅम या वर्षी सोन्यासारखी चढली होती. गोकुळ म्हणाला, आठ जीबी आज टाका, आठ संक्रांतीला. पण कंपनीच्या यादीत सोळा म्हणजे सोळाच होतं. कॅबिनेट मग साध्या पत्र्याचं घेतलं, काच नको, दिवे नकोत. कीबोर्ड गोकुळने आपल्या अडगळीतून काढून फुंकर मारून दिला. शेवटी तो एसएमपीएसवर आला, कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि म्हणाला, "हाऊ हलका टाकूत का? आठशे वाचतस."

"नको," रिना म्हणाली. "तापीकाठच्या मोटारी एकदम चालू झाल्या की आमच्याकडे बल्ब लाल पडतो. पंखा थांबतो. हलका डबा आठ दिवसांत जळेल. आणि यूपीएसला पण हात लावायचा नाही."

एवढ्यात गोकुळचा फोन वाजला. तो दोन मिनिटं बोलला आणि फोन ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या यादीतला मदरबोर्ड त्याच्याकडे एकच उरला होता, आणि एका क्लासवाल्याने आत्ता तोच मागितला होता. "त्याले सांगं, दोन वाजता सांगस. तुम्ही मन्हं गिऱ्हाईक पहिले. पन दोनच्या पुढे माले बी थांबता येवाव नही, ताई."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. आकडा बत्तीसच्या खाली येईना. मॉनिटर जुना घेतला तर? गोकुळकडे जुना मॉनिटर होता, पण त्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी रेघ होती. रिना रेघेकडे पाहत हिशेब करत होती, आणि मागे स्टूल रिकामं झालंय हे तिच्या लक्षातच आलं नाही.

आबा चहाला गेले होते. परत आले ते तासाभराने, आणि यात्रेत पाच घोडे एका दिवशी विकल्यावर येत असत तसे आले. चेहरा खुललेला, चाल ताठ.

"वही बंद कर, बेटा," ते म्हणाले. "काम व्हई गयं. पुरा कॉम्प्युटर, टीव्हीवानी पडदा बी त्यामां. पंचवीसमां. पाच वाचनात तुन्हा."

"कोनाकडथून?"

"सुकलालकडथून. हात दिधा. पाच हजार इसार बी दिधा."

हात दिला म्हणजे काय हे सारंगखेड्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. घोड्याचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर रुमाल पडतो, आणि आत बोटं बोलतात. किती बोटं धरली त्यावरून आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही. शेवटी तळहात तळहातावर दाबला की सौदा पक्का. तिथे कागद नसतो, सही नसते, म्हणूनच तो फिरवायचा नसतो. आबांनी चाळीस वर्षांत तो कधी फिरवला नव्हता, आणि त्यांची सगळी दलाली त्या एका गोष्टीवर उभी होती. पण रुमालाखाली कॉम्प्युटर घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही.

"गोकुळभाऊ, बोर्ड कोणाला देऊ नका. मी आले," ती म्हणाली आणि धावतच बाहेर पडली.

सुकलालचा गाळा दोन गल्ल्या सोडून होता. हा सुकलाल यात्रेच्या महिन्यात घोडे विकायचा आणि उरलेले अकरा महिने सुरतेहून आणलेला जुना माल: पंखे, टीव्ही, हल्ली कॉम्प्युटर. गाळ्यासमोर बाकावर यात्रेतले दोन व्यापारी चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोरच सौदा झाला होता, हे त्यांनी आबांना बघून मान हलवली त्यावरून कळलं.

आणि आत ते जनावर उभं होतं. काचेचं कॅबिनेट, आत फिरणारे चार पंखे, निळे, जांभळे, तांबडे दिवे. पुढे चकचकीत चिकटपट्टी, आय-फाइव्ह. आबा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. घोड्याच्या अंगावर तेलाचा हात फिरवलाय का, हे लांबून ओळखणारा हा माणूस! दात बघून जनावराचं वय सांगणारा, ओल्या फडक्याने पुसून केसांचा रंग उतरतो का ते बघणारा! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे घरातल्या पोराबाळांना शिकवलं ते यानेच. आणि चार दिव्यांना भुलला.

"चालू करा," रिना म्हणाली.

सुकलालने बटण दाबलं. मशीन भराभर सुरू झालं. "देख ताई, कसा धावस! सोळा जीबी शे. एसएसडी शे. आजून काय पाहिजे?"

सोळा होते. एसएसडी पण होती. क्षणभर तिला वाटलं, देव पावला. तिने माऊस हातात घेतला, सिस्टिमची माहिती उघडली, आणि प्रोसेसरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. आय-फाइव्ह, पुढे एक रेघ, आणि पुढे पंचेचाळीस सत्तर.

चौथी पिढी. दहा-बारा वर्षं जुनं. कंपनीच्या यादीत पहिलीच ओळ होती, आठव्या पिढीच्या आधीचं मशीन तपासणीत बाद.

"आबा, हाई चालावं नही," ती म्हणाली.

"चाली तं ऱ्हायनं."

"कंपनीमां चालावं नही. इकडे या. हाऊ आकडा देखा. रेघना पुढला पहिला आकडा. ह्या मशीनना दात शेत ह्या. पाहिजे आठ, नही तं त्याना पुढे. शे चार."

आबा वाकले. चष्मा नाकावर ढकलला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. पडद्यावरच्या चारच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग न वळता विचारलं, "सुकलाल, तुले माहीत व्हतं?"

"जुनं शे हाई माले माहीत व्हतं, तुम्हले बी माहीत व्हतं," सुकलाल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट जरा खाली आला होता. "दात देखानं काम लेनारनं शे, आबा. चाळीस वरीस तुम्हीच सांगी ऱ्हायनात आम्हले. तुम्ही इचारं का? मी लपाडं का?"

यात खोट काढायला जागा नव्हती. बाजाराचा कायदाच तसा होता. विचारलेली खोड लपवली तर सौदा फिरतो. न विचारलेली खोड घेणाऱ्याच्या माथी. बाकावरच्या दोघांनी चहाचे कप खाली ठेवले आणि बघू लागले.

आबांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. "लेनं पडी, बेटा."

"आबा!"

"हात दिधा मी."

"पैसा मन्हा शे!"

"पैसा तुन्हा शे. शबद मन्हा शे." आबांनी खिशाचं बटण काढलं. "महिनाभरमां यात्रा शे. ज्याना हात फिरस, त्याना रुमालखाले कोनी हात घालत नही. आपलं घर त्यावरच चालस."

हेही खरंच होतं. रिनाला ते दिसत होतं, म्हणून तर तिला जास्त संताप आला. नोटांचं बंडल बाहेर आलं. सुकलालने घेण्यासाठी हात पुढे केला. घड्याळात दीड वाजून गेला होता, आणि दोन गल्ल्यांपलीकडे एक मदरबोर्ड तिची वाट बघत होता. ते पैसे तिने सहा महिने पहाटे चारला उठून, भूमिका जागी व्हायच्या आत कागद तपासून जमवले होते. आणि ते आता तिच्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्या मशीनवर चालले होते, कारण एका माणसाने दुसऱ्या माणसाचा तळहात दाबला होता.

दहा महिने गिळलेलं तिच्या तोंडातून बाहेर आलं. बाजारात, चार माणसांसमोर.

"आठ वरीस पहिले बी तुम्ही असाच हात दिधा व्हता, आबा. यात्रामां. रूपसिंग मामांजीनी तुम्हनी घोडी लिधी, आनि घोडीना सौदा व्हयना त्याच रुमालवर मन्हं बी ठरनं. आईनी माले सांगेल शे. माले कोनी इचारं नही. जाऊ द्या. पन त्याना दात कोनी देखात? मन्हा नवराना दात तुम्ही देखात का?"

सुकलालने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि पंख्याच्या एका खोक्यावर ठेवला, जसं काही तो तिथेच ठेवायचा होता. रिनाला हुंदका आवरेना, आणि रडू येतंय याचाच तिला राग आला. बापाला असं भर बाजारात बोलायला नको होतं, असंही तिला वाटलं, आणि बोलले ते बरं झालं असंही वाटलं.

आबा खाली बघत उभे होते. बंडल त्यांच्या मुठीत होतं. मग त्यांनी बंडल परत बंडीत घातलं आणि खिशाचं बटण लावलं. बटण काजात जायला वेळ लागला.

"सुकलाल, इसार ठेवी ले," ते म्हणाले. "हात मांगे लेस मी."

"आबा, इचार करी ल्या." सुकलाल खरोखरच घाबरला होता. त्याला पैशापेक्षा ही गोष्ट मोठी वाटत होती. "दिलवरसिंग गिरासे हात मांगे लेस, असं लोक इचारतीन तं मी काय सांगू?"

"हाई सांग."

"यात्रामां..."

"यात्रामां बी सांग." त्यांनी बाकावरच्या दोघांकडे बघून हात जोडले. "तुम्ही बी सांगा, भाऊ."

दोघांपैकी थोरल्याने मान फिरवली.

परत येताना बापलेक एका रेषेत चालले नाहीत, रिना पुढे आणि आबा चार पावलं मागे. दुकानात शिरल्या शिरल्या तिने घड्याळ बघितलं, दोनला सहा मिनिटं. गोकुळच्या कानाला फोन होता आणि बोर्डाचं खोकं काउंटरवर होतं. त्याने तिच्याकडे बघून फोनमध्ये "विकायी गया, सर," म्हटलं आणि फोन ठेवला.

"ताई, पैसा?"

"पंचवीस उरलेत," ती म्हणाली. धाप लागली होती. "बत्तीसची यादी होती ना? मॉनिटर काढून टाका."

"मॉनिटर नही मंग देखशात कशावर?"

"घरी टीव्ही आहे. त्याला वायर लागते ना तुमच्या या बोर्डाची?"

गोकुळने क्षणभर विचार केला. "लागस. अक्षर जरा मोठं ठेवनं पडी." त्याने पेन्सिलीने दोन ओळींवर काट मारली, एसएसडी निम्म्या आकाराची केली, माऊस आपल्याच टेबलावरचा उचलून तिच्यापुढे ठेवला. "आते साडेपंचवीस व्हयनात. पाचशे मी लगीनथून येस, मंग द्या. एसएमपीएस?"

"भारीवालाच."

त्याने स्क्रूची डबी उघडली. रिना काउंटरला धरून उभी राहिली. सोमवारी दहाला तपासणी, मग पत्र, मग मंगळवार. सगळं अजून व्हायचं होतं, आणि त्यातलं एकही चुकून चालणार नव्हतं. तपासणीत टीव्ही चालेल का? कंपनीच्या यादीत पडद्याबद्दल काही लिहिलं होतं का? तिने घाईघाईने मोबाइलवर यादी उघडली. तेवढ्यात तिला दुकानाच्या पायरीवरून आबांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर बोलत होते, आणि फोनवर ते नेहमीच तापीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलायचे.

"रूपसिंगभाऊ, राम राम. दिलवरसिंग बोलस. मंगळवारले येऊ नका."

रिनाचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं.

"नही, तब्बेत चांगली शे. पोर येवाव नही म्हनीसन सांगी ऱ्हायनू... नही. नात बी येवाव नही." मग बराच वेळ पलीकडचं बोलणं. फोनमधून बारीक चिरका आवाज दुकानात ऐकू येत होता. आबा उन्हात उभे राहून ऐकत होते. "हो. मीच शबद दिधा व्हता. मीच मोडस... तुम्हले जे म्हननं शे ते म्हना. आजपाइन मन्हा शबदनी काय किंमत ऱ्हायनी ते मालेच माहीत नही. पन पोर येवाव नही."

त्यांनी फोन कानापासून दूर धरला, बंद करायचं बटण शोधलं, दोनदा चुकीचं दाबलं.

गोकुळ मान खाली घालून बोर्डावर प्रोसेसर बसवत होता. त्याने काही ऐकलं नाही असं दाखवायचं ठरवलेलं दिसत होतं, आणि ते त्याने चांगलं निभावलं.

रिनाच्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि लगेच तिथे राग येऊन बसला. सहा महिने तिने यादी, पत्र, तपासणी, सोमवार यांचा एकेक दगड रचत आणला होता, कारण बाप बोलणार नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं. आणि तो बोलला. पत्र नसताना, मशीनही अजून सुटे भागच असताना. मग हे आधी का नाही? भूमिका रात्री दचकून उठायची तेव्हा का नाही?

आबा आत आले. फेटा काढून त्यांनी कपाळ पुसलं. एवढ्या वेळात ते म्हातारे झालेले दिसत होते.

"दहा महिना उशीर व्हयना, आबा," ती म्हणाली.

"आठ वरीस," आबा म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.